किती लिटर पाण्याचा बाप्तिस्मा?

करुणा गेली त्या सकाळी सुहासरावांचा फोन आला. करुणा माझी धाकटी बहीण, सुहासराव तिचे यजमान. "दादा, करुणा गेली," ते म्हणाले, आणि पाठोपाठ, "तिचा बाप्तिस्मा तेवढा राहून गेला." मला रडू यायच्या आधी राग आला. आता काही आठवडे उलटलेत, राग तसाच आहे.

कारण तिचा बाप्तिस्मा राहिलेला नव्हता. तो मी पाहिला होता. पालघरच्या आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी दुसरीत असताना. पाळकांनी पितळी भांड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तीनदा तिच्या टाळूवर सोडलं, ती शिंकली, उपासनेला जमलेले सगळे हसले, आईनं पदरानं तिचं डोकं पुसलं. पाणी किती असेल? फार तर अर्धी वाटी. तारापूरच्या कारखान्यात टाक्यांच्या पातळ्या मोजण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे अंदाज चुकायचा नाही.

लग्न होऊन करुणा सरावलीला गेली. सुहासरावांची मंडळी बोईसरला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात भरते. तिथं लहानपणी शिंपडलेलं पाणी बाप्तिस्मा धरत नाहीत. माणसानं समजत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून, अख्खं पाण्याखाली जायला हवं. समुद्राला भरती असेल तर चिंचणीच्या किनाऱ्यावर, नाहीतर गाळ्यामागच्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत. मी या लोकांची थट्टा करणार नाही. चिंचणीला पाण्यातून वर येणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत, ते खोटे नव्हते.

पण करुणा टाकीत उतरली नाही. "बारसं एकदाच करतात ना दादा? मग माझं परत कशाला?" म्हणायची. आईच्या मांडीवर झालेलं खोटं होतं, असं तिला कबूल करायचं नव्हतं. तेवढ्यावरून प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत, वाटतात ती भाकर आणि तो प्याला तिला कधी मिळाला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट तिच्यासमोर आलं की तिनं ते शेजारणीकडं सरकवायचं... आणि त्या ताटातली बेखमीर भाकर कोण करायचं? करुणाच! लग्न झाल्यापासून. पहाटे गव्हाचं पीठ मळून, पातळ लाटून, न फुगवता भाजून, फडक्यात बांधून ती पाठवायची. तिच्या हातची भाकर सगळ्यांना चालायची, फक्त तिच्या तोंडाला चालत नव्हती. यात विचित्र काही आहे, असं त्या गाळ्यात कुणालाच वाटलं नाही.

मग तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी मानेजवळ नळी बसवली. रुग्णालयातल्या परिचारिकेनं बजावलं होतं, "दीदी, इसको पानी बिल्कुल नहीं लगना चाहिए." आणि नेमकं तेव्हाच करुणाला ती भाकर हवीशी झाली. "मरायच्या आधी एकदा, दादा. बाकी काय नाय मागत."

बोईसरचे पास्टर घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. "बहीण, तीन सेकंदांचं काम आहे," ते म्हणाले. "विश्वास असला तर पाणी बाधत नाही."

"मग विश्वास असला तर कमी पाणी का बाधतं?" करुणा म्हणाली. "आणि येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला स्वर्ग दिला, त्याला कुठल्या टाकीत बुडवला होता?"

"त्याची गोष्ट वेगळी. त्याला उतरायची संधी नव्हती."

"मला हाय काय?" तिनं नळीवर बोट ठेवलं. "पीठ मळताना माझे हात चालतात पास्टर. तोंडानं असं काय केलंय?"

पास्टर म्हणाले, प्रार्थना करू. सुहासराव जमिनीकडं बघत होते.

मी तडक पालघरला आमच्या पाळकांकडं गेलो. आमची मंडळी तर अर्ध्या वाटीवाली, तिला हा बाप्तिस्मा मान्यच! त्यांनी घरी येऊन भाकर द्यावी, एवढीच विनंती. पाळक म्हणाले, तिचं नाव आपल्याकडं राहिलेलं नाही, तिकडच्यांच्या कामात आपण कसं पडायचं? बाजूला बसलेले, मंडळीचा कारभार बघणारे एक वडीलधारे हसले. "डुबकीवाल्यांत गेली ना? आता आमचं शिंपडलेलं गोड लागतंय होय?" मी उठून आलो. पुन्हा त्या मंडळीच्या बाकावर उपासनेला बसलेलो नाही.

करुणा भाकर न खाता गेली. शेवटच्या महिन्यात उभं राहवत नव्हतं, तर खुर्चीत बसून सुहासरावांना शिकवत होती. "अहो, भाकर हाय ती, चपलेचा तळ नाय. पातळ लाटा." दफनाला दोन्हीकडचे लोक आले, आमचे पाळक आणि बोईसरचे पास्टरही. दोघांनी तिला विश्वासू सेविका म्हटलं, दोघांनी डोळे मिटून सुरेख प्रार्थना केल्या. मातीपाशी कुणी पाण्याचं माप काढलं नाही. ते मोठेपण जिवंतपणी का नव्हतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

परवा पहिला रविवार होता. मी सरावलीला गेलो, तर सुहासराव ओट्याशी भाकर लाटत होते. तिच्यासारखीच पातळ. भाजून झाल्यावर त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, ताटलीत काढून ठेवला आणि उरलेली भाकर फडक्यात बांधून गाळ्यावर पाठवली. थोड्या वेळानं पास्टरांचा फोन आला. भाकर अख्खी लागते, मंडळीसमोर मोडायची असते, वाटेत मोडली का?

"नाही," सुहासराव म्हणाले. "करुणाचा वाटा काढून पाठवलीय. आता दर महिन्याला अशीच येईल. नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

फोन ठेवून ते माझ्यासमोर बसले. ताटली मध्ये होती. आम्ही दोघांनीही तिला हात लावला नाही.