काळ्या रंगाखालचे टाके

डॉक्टरांचा पाय माझ्यामुळे अधू झाला, वेल्डरमुळे नाही. एवढं कबूल करायला मला आठ वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

कोल्हापुरात आमची लहान वर्कशॉपची गल्ली. माझ्याकडे लेथ आणि जुन्या गाड्यांचं काम. समोर वेल्डरची शेड. आम्ही दोघं एका वयाचे, तीस वर्षांपासूनचे शेजारी. दुपारचा डबा एकत्रच उघडायचा.

डॉक्टर राजारामपुरीतले. त्यांनी कुठून तरी परदेशी बनावटीची, दोन माणसांची जुनी उघडी स्पोर्ट्स गाडी आणली होती. वर्षभर माझ्या शेडमध्ये उभी राहून ती धावती झाली. मग त्यांची एकच तक्रार उरली. गिअर बदलताना दांडी वीतभर सरकवावी लागते, ते काम चार बोटांत व्हायला हवं.

तसं ते अवघड नव्हतं. गिअरची दांडी मध्ये एका गोळ्यावर डोलते. वर हाताची मूठ, खाली शेपूट. ही शेपूट गिअरबॉक्सकडे जाणारा रॉड पुढेमागे करते. शेपूट लांब केली की वर हात थोडाच हलवावा लागतो. पण हात जितका कमी हलतो, तितका जोर जास्त लागतो आणि तो सगळा जोडावर येतो. हे मला चांगलं माहीत होतं. मी शेपूट कापली, मध्ये घालायचा पोलादी तुकडा लेथवर काढला आणि खंडेनवमीच्या सकाळी सगळं जोडायला वेल्डरकडे दिलं.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत हत्यारं पुजतात. ज्या मशीनला झेंडूचा हार पडला, ते दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत चालवायचं नाही. वेल्डर मुसलमान, पण गल्लीची रीत तोही पाळायचा; त्याच्या वेल्डिंग मशीनचा हार आमच्यापेक्षा मोठा असायचा. त्या वर्षी पूजा लवकर झाली आणि त्याचं काम अर्धंच राहिलं. दुपारी तो दांडी घेऊन आला.

"दोन टाकं मारल्यात नुसतं, तुकडा सरळ ऱ्हावा म्हणून. पुरं वेल्डिंग परवा करतो. तवर गाडी हलवू नगंस."

मी व्हय म्हणालो.

पण दसऱ्याला गाडी देतो, असं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. त्यांनीही गोतावळ्यात सांगितलं होतं. म्हाताऱ्याच्या हातून आता काम होत नाही, असं कुणी म्हणेल याची मला भीती होती. संध्याकाळी गल्ली पांगल्यावर मी पूजेत मांडलेले माझे नटबोल्टचे पाने उचलले. वेल्डिंगचा उजेड गल्लीभर दिसला असता. पान्यांचा आवाज होत नाही. टाक्यांभोवतीची फट मी पुट्टीने भरली, कानशीने घासली आणि वरून काळा रंग मारला. पुरं वेल्डिंग केल्यासारखं दिसू लागलं. दांडी बसवली, पाने पुसून पुन्हा पाटावर ठेवले.

गावातल्या एका फेरीला टाके टिकतील, मग काहीतरी निमित्त काढून गाडी परत मागवू, असा माझा बेत होता. दसऱ्याच्या सकाळी डॉक्टरांनी गाडीला हार घातला आणि म्हणाले, "मिस्त्री, बसा. पन्हाळ्याला जाऊन येऊ."

काम माझं म्हणून पहिला मान माझा. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. मी बसलो.

त्या प्रवासात मी रस्ता पाहिलाच नाही. डॉक्टरांचा डावा हात मुठीकडे गेला की मी सीटची कड घट्ट धरायचो. गिअर पडला की पकड सैल व्हायची, की लगेच पुढचं वळण. डॉक्टर मात्र खुशीत होते. नुसतं मनगट हलवलं की काम होतं, म्हणत गरज नसतानाही ते गिअर बदलत होते. प्रत्येक वेळी मी मनात टाक्यांना विनवत होतो. डॉक्टरांना नुसतं थांबा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पन्हाळ्यावर त्यांनी झुणका-भाकरी मागवली. मी अर्धी भाकरी तशीच ठेवली. वय झालं, मिस्त्री, म्हणून ते हसले. परतताना गिअर जरा हळू टाका, एवढंच मी म्हणालो. जोर लागतो खरा, सवय होईल, असं ते म्हणाले.

घाटात वाघबीळच्या वरच्या उतारावर त्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला दांडी ओढली. खालून कट्‌ असा आवाज झाला आणि दांडी त्यांच्या हातात सैल फिरू लागली. तिसरा सुटला होता, दुसरा पडला नव्हता. इंजिनाचा अडसर गेल्यावर गाडीने वेग घेतला. जुने ब्रेक आधीच तापलेले. पेडल खाली जात होतं आणि वेग तसाच होता. समोरून एसटी चढत होती.

"मिस्त्री, काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. मी उत्तर दिलं नाही. मला माहीत होतं आणि मी उत्तर दिलं नाही.

त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला गटारात घातली. दगडावर आपटून पुढचा पत्रा आत आला, तो त्यांच्या गुडघ्यावर. मला फक्त खरचटलं.

दवाखान्यात सगळे विचारू लागले तेव्हा मी म्हणालो, वेल्डिंग सुटलं. कुणाचं, असं विचारल्यावर समोरच्या शेडचं नाव सांगितलं. फक्त टाके मारले होते, गाडी हलवू नको म्हणालो होतो, असं वेल्डर जीव तोडून सांगत होता. गल्लीने माझ्याकडे पाहिलं. मला तसं काही बोलला नव्हता, असं मी म्हणालो. तुटलेला तुकडा तोवर भंगारातून फौंड्रीच्या भट्टीत गेला होता. तो मीच घातला होता.

वर्षभरात त्याच्याकडे कुणी काम देईना. तो शिरोळकडे गेला आणि उसाच्या ट्रॉल्या जोडू लागला. तरी माझी भीती गेली नाही. शेडच्या दारात सावली पडली की तोच आला असं वाटायचं.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या कारखानदाराने मला विचारलं, त्या वेल्डरचा मुलगा कामाला येतोय, बापासारखं कच्चं काम तर करणार नाही ना? मुलगा चांगला आहे, एवढंच मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी शिरोळची बस धरली.

तो रस्त्याकडेच्या शेडमध्ये होता. मला पाहून त्याने चष्मा वर केला.

"या पावणं," तो म्हणाला. अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा वेल्डिंगची कांडी उचलली.

"ह्यातलं मला काय नवं हाय? टाकं मीच मारल्यालं की. ज्यास्नी ठावं न्हाय, त्यास्नी जाऊन सांगा."

म्हणून परवा डॉक्टरांकडे गेलो. राजारामपुरीत त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर पेशंटसारखा बसलो. दोनदा उठून बाहेर आलो, दोनदा परत गेलो. पोलीस, कोर्ट, माझ्या सुनेसमोर होणारी शोभा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझा नंबर आल्यावर मी उभ्यानेच बोललो.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "का लंगडता, असं जो विचारेल त्याला मी त्या वेल्डरचं नाव सांगत आलोय, मिस्त्री." त्यांनी काठी घेतली, बाकीच्या पेशंटना उद्या बोलावलं आणि मला गाडीत बसायला सांगितलं.

त्यांनी गाडी शिरोळला घेतली. पुन्हा मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. शेडपाशी ते उतरले आणि वेल्डरपुढे हात जोडून उभे राहिले. काचा बंद होत्या. मला काही ऐकू आलं नाही. मला उतरवेना.

थोड्या वेळाने वेल्डर आला आणि त्याने काचेवर बोट वाजवलं. मी काच खाली केली.

"डाक्टर बोललं त्यांचं. आता तुझ्या तोंडानं होऊ दे. हितं चार माणसं हाईत."

ट्रॉल्या घेऊन आलेले शेतकरी सावलीला बसले होते. मी उतरलो. एकाने मला बसायला बादली पालथी करून दिली. मी बसलो नाही. खंडेनवमीच्या सकाळपासून सुरुवात केली.