धरणारी भिकुबाई

भिकुबाईची दवाखान्यातली नेमणूक झाडलोटीची आणि पाणी तापवण्याची होती. पण आसपासच्या खेड्यांत तिला कुणी झाडणारी म्हणून ओळखत नव्हतं. ती होती धरणारी. कुणाचा पाय विळ्यानं कापला, कुणाला बैलानं शिंगावर घेतलं, की डॉक्टर टाके घालायचे आणि भिकुबाई माणसाला धरून ठेवायची. पुरुषांना धरायला पुरुष मिळत. बायका आणि पोरं मात्र तिच्याच वाट्याला येत.

एरंडोलच्या अलीकडच्या त्या बाजारगावात ती तरणीताठी विधवा होऊन भावाकडे आली होती. मोठ्या तापाच्या साथीत नवरा आणि तान्हं पोर एकाच आठवड्यात गेलं. भाऊ म्हणाला, इथंच राहा. ती जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहू लागली. उंच, हाडापेरानं मजबूत. एकदा शेजारणीचा हात जिनिंगच्या पट्ट्यात सापडला. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा दोन गड्यांना आवरेना, ती भिकुबाईनं आवरली. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर सुई खाली ठेवत म्हणाले, "बाई, तू उद्यापासून इथंच ये."

तेव्हापासून ती तिथंच होती.

धरायचं म्हणजे नुसती ताकद लावायची नसते, हे तिला लवकर कळलं. कोपराच्या वर एक हात, गुडघ्याच्या वर दुसरा, आणि छातीवर भार पडू द्यायचा नाही. पोराचं तोंड आपल्या पोटाशी दाबायचं, म्हणजे सुई दिसत नाही. तेवढं करूनही पोर ओरडायचं ते ओरडायचंच. चावायचं, ओरबाडायचं, आईला हाका मारायचं. आई बाहेर ओट्यावर कानांत बोटं घालून बसलेली. मग टाके संपले की पोर आईच्या कुशीत जायचं आणि तिथून भिकुबाईकडे असं बघायचं, की ती नजर तिला घरापर्यंत पुरायची.

डॉक्टरांचा राग कुणाला येत नसे. सुई डॉक्टरांच्या हातात असली तरी पोरांच्या ध्यानात राहायचे ते भिकुबाईचे हात. बाजारात ती दिसली की पोरं आईच्या पदरामागं दडायची. जेवत नसलेल्या पोराला आया म्हणायच्या, "जेवस का भिकुबाईले बलाऊ?" बोलणाऱ्या हसत. भिकुबाईही हसायची. करणार काय?

पण घरात तेच झालं तेव्हा तिला हसता आलं नाही. भाईदास हा भावाचा मुलगा, तिला फुई म्हणजे आत्या म्हणणारा. त्याला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्याच्या बायकोला, मंदाबाईला, पहिली मुलगी झाली. बाराव्या दिवशी भिकुबाईनं बाळाला घ्यायला हात पुढं केले, तर मंदाबाईनं बाळाला छातीशी आवळलं. लहानपणी मंदाबाईच्याच कपाळाला त्या दवाखान्यात टाके पडले होते.

"फुई, ऱ्हाऊ दे. निजेल शे ती," मंदाबाई म्हणाली.

बाळ टक्क जागं होतं. भिकुबाईनं हात मागं घेतले आणि पाळण्याची दोरी जरा नीट केल्यासारखं केलं.

त्याच सुमारास म्हातारे डॉक्टर गेले आणि परचुरे डॉक्टर आले. पुण्याकडचे, मितभाषी. त्यांनी आल्या आल्या औषधांच्या कपाटाला नवं कुलूप लावलं. आत एक काळपट काचेची छोटी बाटली ठेवली. त्या औषधावर सरकारचा कडक बंदोबस्त होता, कारण शहरांत लोक ते नशेसाठी घेत. इथं ते डोळ्यांसाठी आणि जखमांसाठी आलं होतं.

पहिल्यांदा ते वापरलं ते एका धनगराच्या मुलावर. त्याची भुवई फाटली होती. भिकुबाई सवयीनं पुढं झाली, पदर खोचला. डॉक्टर म्हणाले, "थांबा भिकुबाई. आधी हे." त्यांनी कापसाचा बोळा बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात भिजवून जखमेत अलगद ठेवला. "आता वाट बघायची."

"कशाची वाट, साहेब?"

"बघा तर खरं."

थोड्या वेळानं जखमेच्या कडा पांढुरक्या पडल्या. डॉक्टरांनी सुईचं टोक लावून विचारलं, "दुखतंय?" मुलगा गप्प. भिकुबाईनं त्याच्या बोलीत विचारलं, "लागस का रे?" मुलानं मान हलवली, नाही. मग सुई आत गेली, दोरा ओढला गेला, आणि मुलगा तिच्या मांडीवर पडून छताच्या वाशावरची पाल बघत राहिला. थोडं चुरचुरलं तेव्हा एकदा कण्हला, तेवढंच. भिकुबाईचे हात त्याच्या दंडांवर नुसते ठेवलेले. तिला ते कुठं ठेवावेत कळेना.

ती त्याला बधीर पाणी म्हणायची. पुढची काही वर्षं तिच्या आयुष्यातली बरी वर्षं होती. बोळा ठेवला की वाट बघण्याचा तेवढा वेळ पोर तिच्या मांडीवर असायचं. ती त्याला म्हशीचं नाव विचारायची, मामाचं गाव विचारायची. पुढं पुढं बाजारात एखादं पोर तिला ओळखून भुवईवरचा वण दाखवू लागलं. मंदाबाईची मुलगी, कमल, मात्र अजून तिच्यापासून हातभर लांबच बसायची. आईनं शिकवलेलं पोरीनं धरलेलं.

मग लढाई लागली. पहिल्यांदा दवाखान्याला तिचं काही जाणवलं नाही. नंतर रॉकेल मिळेना, मोटारी कोळशावर चालू लागल्या, आणि औषधं यायची थांबली. परचुरे डॉक्टर जळगावला पत्रामागून पत्र पाठवत. बाटलीत बोटभर पाणी उरलं तेव्हा त्यांनी भिकुबाईला जवळ बोलावलं.

"हे आता फक्त डोळ्यांसाठी. जखमा पूर्वीसारख्याच शिवाव्या लागतील."

"पूर्वीसारख्या?"

"धरून."

ती पाणी तापवायला गेली. पण पुन्हा पहिलं पोर तिच्या हाताखाली किंचाळलं तेव्हा तिला कळलं, की पूर्वी आपण जे करत होतो ते आता आपल्याच्यानं होत नाही. पूर्वी दुखणं म्हणजे दुखणं, त्याला इलाज नव्हता. आता इलाज कपाटात होता. तिचे हात ढिले पडू लागले. एकदा सुई भलतीकडे टोचली आणि डॉक्टर तिच्यावर पहिल्यांदा ओरडले.

त्या वर्षीच्या पोळ्याला भाईदासनं बैलांना शेंब्या चढवल्या, झुली घातल्या. कमल पुरणपोळीचा घास घेऊन पुढं गेली. वाजंत्रीला बुजून बैलानं मान झटकली आणि शिंगावरच्या पितळी शेंबीनं पोरीचा गाल ओठापासून कानाकडे उघडला. भाईदास तिला उचलून पळत दवाखान्यात आला. मागं मंदाबाई, अंगावरचं नवं लुगडं रक्तानं भिजलेलं.

भिकुबाई दारातच उभी होती. कमलनं तिला पाहिलं आणि बापाच्या मानेला मिठी मारून किंकाळी फोडली. "आजी नको! आजी धरी मले!"

भिकुबाई मागं वळली ती थेट डॉक्टरांकडे गेली. ते हात धूत होते.

"साहेब, आजलोंग मी तुम्हना कडे काही मांगं नही."

डॉक्टरांना कळलं. "भिकुबाई, ते डोळ्यांसाठी आहे. गाल धरून शिवता येतो. डोळा नाही येत."

"डोयावाला कोनी येल नही आज. हाई पोर येल शे."

"उद्या आला तर?"

"उद्या दवाई बी येईन." ती हात जोडून उभी राहिली. "तिले मना हातमा नका देऊ, साहेब. अशी तर नकाच."

आतून कमलचं रडणं येत होतं. डॉक्टरांनी पंच्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

जखम लांब होती. बाटली उपडी करून शेवटचा थेंब बोळ्यावर झटकावा लागला. कमल भिकुबाईच्या मांडीवर होती, आधी ताठ, मग हळूहळू सैल. सुई लागली तेव्हा तिनं डोळे मोठे केले, आणि दुखलं नाही म्हणून अजून मोठे केले. भिकुबाई तिला बैलाचं नाव विचारत होती. मंदाबाई दाराच्या चौकटीला धरून बघत होती. तिनं एका हातानं आपल्याच कपाळावरचा जुना वण झाकला होता.

टाके निघाले त्या दिवसापासून कमल फुईआजीच्या मागं मागं फिरू लागली. तिच्या हातचीच कळण्याची भाकर मागायची, तिच्याच अंथरुणात शिरायची. दिवाळीला मंदाबाईनं स्वतःहून सासूच्या आधी भिकुबाईच्या पायाला हात लावला. इतक्या वर्षांत भिकुबाईला घर असं वाटलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी शेवंताबाईला आणलं. जवळच्याच वाडीतली मजूर बाई, कापूस वेचणारी. कुंपणाच्या बाभळीची फांदी ओढताना निसटून उसळली आणि काटा डाव्या डोळ्यात मोडला. नवऱ्यानं तिला पाठीवर आणलं होतं. जळगावची मोटार त्या दिवशी निघाली नव्हती. बैलगाडीनं दुसरा दिवस उजाडला असता. डोळा तेवढ्या वेळात पिकेल, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी कपाट उघडलं, रिकामी बाटली उजेडात धरली, परत ठेवली. भिकुबाईकडे त्यांनी बघितलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

"डोकं धरा," ते म्हणाले.

तिनं शेवंताबाईचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. जेवढं आयुष्यात शिकली होती तेवढं सगळं लावून धरलं. पण डोकं धरता येतं, डोळा धरता येत नाही. चिमटा जवळ आला की डोळा आपोआप फिरायचा, पापणी आवळायची. शेवंताबाई बिचारी सहकार्य करत होती, "नही हालनार, माय, नही हालनार," म्हणत होती. चिमटा टेकला आणि डोळा उसळला. काट्याचा अर्धा तुकडा आला. अर्धा आत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला जळगावला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी उरलेला काटा काढला, पण डोळ्यात पू झाला होता. पुढं दर काही दिवसांनी तिला तिकडं न्यावं लागे. नवऱ्याला मजुरी सोडून जाणं जमेना, तेव्हा भिकुबाई रजा मागून तिच्याबरोबर जाऊ लागली. शेवंताबाईला वाटायचं, किती मायेची बाई. वाटेत ती तिला आपल्या पदरातले फुटाणे द्यायची. भिकुबाई ते खाल्ल्यासारखं करून पदरात बांधून ठेवायची.

शेवटच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, फूल पडलंय, आता या डोळ्यानं दिसणार नाही. परतताना पाळधीजवळ मोटार थांबली. ड्रायव्हर मागच्या भट्टीत कोळसा सारू लागला, माणसं पाय मोकळे करायला उतरली. दोघी आतच बसून होत्या.

"शेवंता," भिकुबाई म्हणाली, "डोयानी दवाई व्हती आमना कडे. पोळाले सरनी. मना भाचानी पोरना गालले लाई. मीच मांगी लिधी."

शेवंताबाई डाव्या बाजूला बसलेल्या भिकुबाईकडे बघायला सगळी मान वळवून फिरली. तिनं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"गालवर वण ऱ्हायना का?"

"बारीक शे."

"तुनी पोर व्हती," शेवंताबाई म्हणाली. "मनी राहती ते मी बी मांगी लेती."

भिकुबाईला रडू फुटलं.

"रडू नको," शेवंताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पन मना डोया ते गया ना, भिकुबाई?"

"गया."

"मंग."

मोटार सुरू झाली. शेवंताबाईनं फुटाण्याची पुरचुंडी काढली आणि न सोडताच परत कमरेला खोचली.

लढाई संपल्यावर औषध पुन्हा येऊ लागलं. नवी बाटली कपाटात ठेवताना परचुरे डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी किल्ली मी दिली होती, भिकुबाई. ते तुमच्या एकटीच्या माथ्यावर घेऊ नका." तिनं मान डोलावली, पण त्यानं तिचं ओझं काही उतरलं नाही. डॉक्टरांचंही उतरलं नसावं; त्यानंतर त्यांनी एका दुसऱ्या बाटलीत डोळ्यांपुरतं औषध बाजूला काढून तिच्यावर वेगळी चिठ्ठी लावली आणि जखमांसाठी त्याला कधी हात लावला नाही.

वेचणीच्या दिवसांत दवाखाना सुटला की भिकुबाई शेवंताबाईच्या वाडीला जायची. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नसे. बोंडाची टोकं शेवंताबाईच्या बोटांना लागत आणि तिची ओळ मागं पडे. भिकुबाई शेजारची ओळ धरून वेचायची आणि आपला कापूस तिच्या कमरेच्या ओटीत टाकायची. शेवंताबाईनं तिला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. कधी पाण्याचा तांब्या पुढं करायची, कधी नाही.

कमल एकदा तिच्याबरोबर गेली. परतताना विचारू लागली, "आजी, त्या बाईना डोयाले काय व्हयनं?"

"काटा लागना," भिकुबाई म्हणाली.

"मंग आपलं पानी नही लावं का तिले?"

भिकुबाईनं पोरीचा हात धरला होता. तो तिनं घट्ट केला, आणि लगेच सैलही केला. "सरेल व्हतं ते," ती म्हणाली, आणि दोघी गावाच्या वाटेनं चालत राहिल्या.