माहेरचा म्हणून खोली दिली

"कुलूप तोडा," पोलीस साहेब म्हणले. कडंवर लेकरू रडायलंय, हातात दुसरी किल्ली, अन् किल्ली लागंना. लागंल कशी, कुलूपच भाडेकरूनं बदललेलं! म्या घरची मालकीण, अन् मलाच ठावं न्हाई.

तिसरं वरीस लागलं ह्या गोष्टीला, पण आजबी तो जिना चढताना आधी कुलूप बगते.

परभणीत आमचं घर. आमचे हे पुण्याला कंपनीत. वर दोन खोल्या काढल्या भाड्यानं द्यायला, अन् हा पयलाच भाडेकरू. आला अन् म्हणला, "आक्का, म्या ताडकळसचा. तुमच्या बाबांला वळखतो." ताडकळस माजं माहेर. माहेरच्या गावचा म्हणजे भाऊच की, अन् भावाला आधारकार्ड कसं मागावं? हे फोनवर म्हणले, "करारनामा कर, पोलीस ठाण्यात माहिती दे." म्या म्हणलं, "तुमच्या गावचा असता तर मागितलं असतं का तुमी?" अन् किल्ली देऊन टाकली.

चार महिन्यांनी भर दुपारी पोलीस दारात. ताडकळसच्या आजूबाजूला विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायल्या, अन् त्या तुमच्या वरच्या खोलीत हायत, अशी कुणीतरी खबर दिली म्हणे. दोन शेजारी पंच म्हणून बोलावले. कुलूप तुटलं. आत पोत्यांत गुंडाळलेल्या मोटारी, अन् नंबर घासून काढलेले. अंथरूण न्हाई, भांडं न्हाई, गॅस न्हाई.

"हितं माणूस ऱ्हातो का मोटारी?" साहेब म्हणले.

पंचनामा झाला अन् मला ठाण्यात नेलं. संगं एक लेडीज पोलीस होती, तिनं लेकराला पाणी पाजलं.

"नाव काय त्याचं?"

"भाऊ म्हणते साहेब म्या त्याला."

"आईबापानं भाऊ नाव ठिवलं का? आडनाव?"

"इचारलं न्हाई साहेब."

"फोटो? कागद? सही?"

"माहेरचा म्हणून न्हाई घेतलं साहेब."

"त्या खोलीला येगळं मीटर हाय ना? आकडा बगत न्हवता?"

"बगत होते की. हलतच न्हवता. म्हणलं गरीब हाय, लाईट जपून वापरतो."

लेडीज पोलीसनं तोंड फिरवून हसू दाबलं. साहेब न्हाई हसले. म्हणले, "भाडेकरूची माहिती दिली न्हाई, तो गुन्हा येगळा. अन् तुमी त्यात सामील हाव का न्हाई, ते तो सापडल्याबिगर मी कसं सांगू?"

लेकरू अंगावर पेणारं. मला आत टाकलं तर ते कुणाजवळ ऱ्हाईल? मग म्या पदर खोचला. म्हणलं, "साहेब, त्याचा फोन नंबर हाय माज्याजवळ."

"मग लावा. तुमच्या आवाजानंच यील तो. काय सांगायचं ते तुमीच ठरवा."

कशानं यील ते मला पक्कं ठावं होतं. आखाडात लेकरू तापानं फणफणलं, हे पुण्याला, तवा ह्या भावानंच गाडीवर बसवून आमाला दवाखान्यात नेलं होतं अन् औषध मिळंस्तोवर बाकड्यावर बसून ऱ्हायला होता.

म्या फोन लावला. "भाऊ, लेकरू लय तापलंय. दवाखान्यात न्यायचंय."

"आलोच आक्का. टोपडं घालून ठिवा त्याला."

पोलिसांनी मला घरी आणलं. साधे कपडे घालून ते दाराआड उभे. पंधरा मिंटात तो आला. वर बगितलं बी न्हाई त्यानं, सरळ माज्या दारात. गाडी चालूच ठिवली, तोंड रस्त्याकडं करून. दोघांनी त्याला धरलं. तो झटापट बी करंना. एक हात मोकळा होता, तो त्यानं लेकराच्या कपाळावर ठिवला.

"अंग तर गार हाय की, आक्का," म्हणला.

तो ताडकळसचा न्हवताच. बाजारच्या दिवशी मोटारी दुरुस्त करायला तितं बसायचा, कुणाच्या विहिरीवर कसली मोटार हाय ते सगळं त्याला म्हाईत. जबाबात त्यानं कबूल केलं. अन् हे बी सांगितलं, की आक्काला ह्यातलं काहीच ठावं न्हाई. त्याच्याच बोलण्यावर माजं नाव मोकळं झालं.

आता म्या कुणाचं ऐकत न्हाई. आधी आधारकार्ड, फोटो, करारनामा, ठाण्यात माहिती, मगच किल्ली. महिन्याला मीटर बगते, खोलीत जाऊन दोन मिंटं बसते. सख्ख्या चुलतभावानं खोली मागितली, त्याला बी कागद मागितले. वहिनी म्हणली, "लय मोठ्या साहेबीण झाल्या की वन्सं!" म्हणलं, झाले. सही करा.

घरमालकीण म्हणून काय चुकलं ते मला कळलं, अन् ते परत व्हायचं न्हाई. पण एक इचारते, तुमी बी घर भाड्यानं देता म्हणून. लेकरू कडंवर, साहेब समोर, अन् यील तर एकाच गोष्टीनं यील असा माणूस. तुमी काय सांगितलं असतं त्याला फोनवर?