खारट मुठीचा चाकू

मुंजाबा लाकूड विकत घ्यायच्या आधी चाटून बघायचा. जुन्या मोंढ्याजवळच्या वखारीत लोक सागवान टिचकी मारून पारखत. हा गडी सरळ जीभ लावायचा. त्याला हवं असायचं मुंबईला मोडीत निघालेल्या एका जुन्या जहाजाचं लाकूड. हजच्या यात्रेकरूंना नेणारं जहाज होतं ते, असं वखारवाला सांगे. जिभेला समुद्र लागल्याशिवाय मुंजाबाचा त्यावर विश्वास बसत नसे.

जन्म पडेगावचा, मेंढरांमागचा. चराईचे माळ कुंपणात गेले, तशी मेंढरं विकून तो चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. मागं उरली मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण. ही धोंड दारातनं काढा, असा बायकोचा, बानाबाईचा, रोजचा धोशा. मुंजाबानं त्या डोणीत जहाज बुडवलं! फळ्यांचे तुकडे चार महिने गोड्या पाण्यात ठेवायचे, दर आठवड्याला पाणी बदलायचं, चव घ्यायची. मीठ पुरतं निघालं की मगच चाकूची मूठ घडवायची, नाहीतर तेच मीठ पात्याला गंजवतं. पातं कारखान्यातल्या झिजलेल्या करवतीचं, साहेबांना विचारून आणलेलं. मुंजाबाचा घडीचा चाकू खिशात असला की माणूस साधा पेरू कापतानाही ऐटीत बसायचा.

शेजारच्या मशीनवर सांडू होता. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून पॅसेंजरनं यायचा, नामांतराच्या मोर्चात पहिल्या रांगेत चालायचा. दुपारचा डबा दोघं एकत्र खात. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं की पहिला पेरू तुझ्या चाकूनं कापणार, असं त्यानं मुंजाबाला बजावून ठेवलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत नामांतराचा ठराव झाला. सांडू नाचतच आला. त्याच्या आनंदात मुंजाबाही वाहून गेला. डोणीत दोनच महिने मुरलेला तुकडा त्यानं उचलला, चार दिवसांत चाकू घडवला, मुठीवर सांडूचं नाव कोरलं आणि त्याच्या हाती दिला. जीभ लावायची तेवढी राहिली.

पुढच्या आठवड्यात ठरावाविरुद्ध गावोगाव जाळपोळ झाली. सांडूचं घर गेलं. तो कामावर परतलाच नाही.

महिन्यानं त्याच फळीचा उरलेला तुकडा मुंजाबाच्या हाती आला. सवयीनं त्यानं तो चाटला. खारट होता. म्हणजे तो चाकू गंजून मिटलेलाच अडकला असणार. ज्या दिवसांत माणसं माणसांना पारखी झाली, नेमक्या त्याच दिवसांत आपण सांडूच्या हातात खोटी वस्तू ठेवली. त्याला काय वाटलं असेल? मुद्दाम दिली असंच ना?

सोळा वर्षं हे कुसळ सलत राहिलं. लासूरला जाऊन तो विचारून आला. कोणी म्हणालं नाशिकला गेला, कोणी म्हणालं मुंबईला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव लागलं. मुंजाबा विद्यापीठाच्या दरवाजापाशी जाऊन दिवसभर उभा राहिला. चारच्या सुमारास गर्दीतून पिकल्या केसांचा एक माणूस पुढं आला आणि त्यानं मुंजाबाच्या तळहातावर मिटलेला चाकू ठेवला.

"मुंजाबा, तुझा चाकू लई हट्टी हाय," सांडू म्हणाला. "घर जळत व्हतं तवा उघडाया गेलो. दातानं वढला, नाय उघडला. तेवढ्यात बायकूनं, कडूबाईनं, मला हाताला धरून पळवलं. उघडला असता तर मी जाळणाऱ्यांवर मागं फिरलो असतो, अन् आज इथं नसतो."

"चूक माझी हाय. घाई केली. तुला वाटलं आसंल, मुद्दाम..."

"येडा का काय? मुद्दाम फसवणारा मुठीवर माझं नाव कोरत बसंल व्हय?"

मुंजाबानं मुठीला जीभ लावली. सोळा वर्षांनीही ती खारट होती.

"मूठ काढून डोणीत टाकावी लागंल," तो म्हणाला. "चार महिने."

"सोळा वर्षं थांबलो. चार महिन्यांचं काय घेऊन बसलास."

पण तोवर पेरूचा हंगाम जाणार होता. मुंजाबानं कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन पेरू घेतले, खिशातला स्वतःचा चाकू उघडला आणि सांडूच्या हाती दिला.