स्टॉप नंबर सतरावरच्या पिशव्या

माझ्या आईचा बसस्टॉप बंद करावा, अशी शिफारस मीच केली होती. आईला ते कळलं तेव्हा ती मटार सोलत होती, आणि हातातली शेंग तिने मला फेकून मारली.

त्याचं असं झालं. मी सिटी सेंटरमधल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात नवी सोय आली, की तिचा लोकांना खरंच उपयोग होतो का, हे तपासून अहवाल लिहायचा, हे आमचं काम. त्या हिवाळ्यात नव्या ‘स्मार्ट’ बसस्टॉपची पाळी होती. प्रत्येक स्टॉपवर पुढची बस किती मिनिटांत येणार ते लाल अक्षरांत दाखवणारा बोर्ड, आणि छपराला एक कॅमेरा. कॅमेरा दर पाच मिनिटांनी फोटो काढायचा आणि खालच्या पिवळ्या चौकोनात किती माणसं उभी आहेत ते मोजायचा. फोटो बघायचा मला कंटाळा, मी नुसते आकडे बघायची. आकड्यांशी माझं लहानपणापासून जमतं, अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. सतरा नंबरच्या स्टॉपपुढे सकाळभर शून्यंच शून्यं होती. कोणी थांबतच नाही तर बस तरी कशाला थांबवायची, म्हणून त्याच्यापुढे ‘रद्द करावा’ असं लिहून मी मोकळी झाले.

रद्द करायच्या स्टॉपची यादी घरी आणली आणि आईने ती चष्मा लावून वाचली.

“हा सतरा नंबर म्हणजे आपल्या इथल्या पिठाच्या चक्कीसमोरचा ना? खांबावर लिहिलंय की.”

मी रोज स्कूटरने जाणारी. खांबावर काय लिहिलंय ते मी कधी बघितलंच नव्हतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला जाते. तिथे तिची मैत्रीण राहते, माझी मावशीच म्हणा. दोघींनी एकाच शाळेत सगळी नोकरी काढली. मावशीची नजर गेली, तेव्हापासून आई तिला वाचून दाखवते. सवाऱ्या नेणाऱ्या उंच टेम्पोत चढायला आईचे गुडघे तयार नसतात, पण नव्या बसची पायरी अगदी खाली असते. त्यामुळे ती एकटी जाते आणि एकटी येते. मी सोडते म्हटलं की फणकारते, “मी काय पार्सल आहे?” पुढचा स्टॉप मोठ्या चौकाच्या पलीकडे. तिथवर चालणं तिच्याच्याने होणार नाही. हा स्टॉप गेला की मुरार गेलं, आणि मावशीचं वाचनही गेलं.

“अगं, पण मशीनमध्ये शून्य येतंय,” मी म्हटलं.

“मग मी कोण आहे, भूत? बुधवारी तूच येऊन देख ना.”

बुधवारी गेले. स्टॉपचं छप्पर असं, की सकाळी त्याच्याखाली उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही, आणि स्टीलचा बाक बर्फासारखा गार. त्या बाकावर माणूस एकही नव्हता. होत्या पिशव्या. एकीला लागून एक, शिस्तीत. एक डबा, एक ऑफिसची बॅग, दुधाची बरणी, एक फ्लॉवरचा गड्डा, आणि मधे आईची निळी कापडी पिशवी. मी माझी पर्स डब्याच्या पुढे ठेवली मात्र, रस्त्यापलीकडून हाक आली.

“ओ बहनजी, लाइन से! झोला पीछे रखिए, और इधर धूप में आ जाइए.”

समोर चक्कीच्या ओट्यावर डझनभर माणसं ऊन खात बसली होती. शेंगदाण्यांची पुडी हातोहात फिरत होती. आई मधोमध बसून माझ्याकडे बघून हसत होती. मी मुकाट्याने पर्स शेवटी ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले.

तिथून बोर्ड स्वच्छ दिसत होता, आणि मला लख्ख कळलं. पूर्वी बसचा नेम नसायचा, म्हणून हीच माणसं थंडीत कुडकुडत छपराखाली उभी राहायची. आता बोर्ड वेळ सांगतो, म्हणून पिशवीने नंबर लावून ती उन्हात येऊन बसतात. नवी सोय इतकी उपयोगी पडली होती, की माझ्या आकड्यांत ती निरुपयोगी ठरली होती. बोर्डावर एक मिनिट उरलं तशी सगळी उठली, रस्ता ओलांडून आपापली पिशवी उचलली आणि पिशव्यांच्याच क्रमाने बसमध्ये चढली. कॅमेऱ्याच्या दोन फोटोंच्या मधल्या वेळात सगळं आटोपलं. मला माझी लाज वाटली आणि हसूही आलं.

साहेबांना सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, “मैडम, स्टॉप आपकी माताजी का है, यह भी लिखिएगा.” बरोबरच होतं त्यांचं. ठरलं असं, की माझ्याऐवजी ऑफिसातल्या दुसऱ्या कोणीतरी आठवडाभर हाताने मोजायचं, आणि स्टॉपवर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. लोक मुद्दाम चौकोनात येऊन उभे राहिले असते, तर मोजणीला काही अर्थच उरला नसता. आईला मी शपथ घातली.

“मी आयुष्यभर मास्तरीण होते,” ती म्हणाली. “मी कॉपी करू देईन का?”

आठवड्याने मोजणीची वही आली. प्रत्येक बसला चक्कीसमोरून माणसं चढत होती, भरपूर. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण या खेपेला शहाणी होऊन मी फोटोही बघायला बसले, एकूण एक. बाक, पिशव्या, रिकामा चौकोन. पुन्हा बाक, पिशव्या, रिकामा चौकोन. आणि सोमवारच्या फोटोत चौकोनाच्या मधोमध एक माणूस.

आई. तपकिरी शाल, पिशवी हातात, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. पाच मिनिटांनंतरच्या फोटोत तशीच. त्याच्या पुढच्यातही तशीच. बुधवारी आणि शुक्रवारी तेच. सगळं जग उन्हात बसलेलं, आणि ही बाई त्या गुडघ्यांवर थंडीत एकटी उभी.

घरी येऊन मी भांडायच्याच तयारीत होते.

“मी कोणाला एक अक्षर बोलले नाही,” आई म्हणाली. “आपली आपण उभी राहिले. आधी तू लिहून बसलीस, कोणी थांबत नाही, मग साहेबांना सांगितलंस, थांबतात. म्हटलं, मशीनमध्ये पुन्हा शून्य नको, एक तरी दिसू दे. सगळ्या ऑफिसात पोरीची फजिती नको.”

मला वाटलं होतं, ती मुरारसाठी उभी राहिली. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चहा टाकायला उठले.

स्टॉप राहिला. बाक उन्हाच्या बाजूला सरकवावा असं मी लिहिलंय, तो अजून सरकलेला नाही. आई आठवड्यातून तीनदा मुरारला जाते, पिशवी बाकावर आणि स्वतः ओट्यावर. मोजणीच्या आठवड्यातल्या त्या तीन दिवसांच्या आकड्यांतून तिला मात्र मी वगळलं. मुद्दाम उभं राहिलेलं माणूस धरता येत नाही.

“म्हणजे मी फुकटच उभी राहिले?” तिने विचारलं.

त्यातला एक फोटो माझ्या फोनमध्ये आहे. खालच्या कोपऱ्यात मशीनने लिहिलंय, प्रवासी: एक. ती बसची वाट बघत नव्हती, माझी बाजू घेऊन उभी होती.