सत्त्यांची जोडी

मैंदर्गीच्या आमच्या घरी दिवाळी पाडव्याच्या दुपारी तीन पत्ती रंगते. पैशांना कुणी हात लावत नाही, चिंचोके लावायचे. ज्याच्यापुढे सगळे चिंचोके जमतील त्याने सासऱ्यांकडे एक गोष्ट मागायची आणि त्यांनी ती नाकारायची नाही. सासूबाईंनी मिक्सर असाच मिळवला होता.

त्या वर्षी मला सोलापूर हवं होतं. तिथल्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून माझी निवड झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आठवडाभर खोली घेऊन राहायचं, शनिवारी घरी यायचं, असा माझा बेत. नवरा म्हणे, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, तूच विचार. स्वतः विचारायची त्याची छाती नव्हती.

डावातही तो नेहमीसारखा पहिल्याच चालीला पॅक झाला. पाठोपाठ सासूबाईंनीही पत्ते टाकले. उरलो सासरे आणि मी. माझ्या हातात सत्त्यांची जोडी आणि गुलाम. टाकायला जीव होत नाही आणि लढवायला धीर होत नाही, असला अवलक्षणी हात. सासऱ्यांनी चाल दुप्पट केली. शो मागायचा, म्हणजे दोघांचे पत्ते उघडायला लावायचे, तर माझ्याजवळचे होते नव्हते ते सगळे चिंचोके लावावे लागणार होते.

सहा दिवाळ्या मी त्यांना निरखत आले होते. हातात काही नसलं की ते कानडीत शिरायचे. आताही त्यांनी सासूबाईंकडे कानडीतच पाणी मागितलं. म्हणजे थापच. पण जेवताना त्यांनी शेंगाचटणी चांगलीच हाणली होती, तहान खरीही असेल. सासूबाईंनी तांब्या आणून ठेवला. सासरे माझ्याकडे बघत होते. हरले तर विषय कायमचा मिटला. उरलेले चिंचोके राखले तर पुढचा हात बरा येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

“पॅक,” मी म्हणाले.

सासऱ्यांनी आपले पत्ते उताणे केले. चौकी, नव्वी, राणी. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग हात लांबवून त्यांनी माझेही उलटले.

“जोडी हुती की तुझ्याकडं,” ते शांतपणे म्हणाले. “आन् टाकलीस. मला एवढी भितीस, मग सोलापुरात एकटी कशी ऱ्हाशील, पोरी?”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. नवरा खाली मान घालून सतरंजीचा धागा उपसत बसला. माझी कानशिलं तापली. राग त्यांच्यावर होताच, पण स्वतःवर जास्त होता. कळत असून मी पत्ते टाकले होते. उरलेले अकरा चिंचोके मी त्यांच्या ढिगात सरकवले.

“मामा, मी हरले,” मी म्हणाले. “तेव्हा मागत काहीच नाही. सोमवारी पहिल्या एस्टीने जातेय.”

सासऱ्यांनी ढिगात बोटं फिरवली. मग त्यांनी सासूबाईंकडे कानडीत पाणी मागितलं. मघाचा तांब्या मांडीशेजारीच होता, काठोकाठ भरलेला.