देवाजीभाऊंचा निबंध

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ तर नाहीच. आता तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. बाबा स्टील प्लांटमध्ये क्लार्क, आमचं क्वार्टर सेक्टर दोनमध्ये, आणि मी आर्ट्स कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो. आमच्या वर्गात एक तिशीचा माणूस येऊन बसू लागला. देवाजीभाऊ. मूळचे भंडाऱ्याकडचे, एका लहानशा खासगी कारखान्यात फिटर. पाळी संपली की तसेच सायकलनं कॉलेजात यायचे.

त्यांना बी.ए. नको होतं. इंजिनिअरिंगची बाहेरून द्यायची परीक्षा ते देत होते. गणित सुटलं, मशीनचे पेपर सुटले — इंग्रजीत दोनदा नापास. आता एकच संधी उरली होती. म्हणून आर्ट्स कॉलेजात नाव घातलं, फक्त इंग्रजीच्या तासाला बसता यावं म्हणून.

"प्रकाशभाऊ, मले निबंध जमत नाही," ते एकदा म्हणाले. "तू पाहून देशीन का?"

मी हो म्हटलं. आपल्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा माणूस आपल्यासमोर वही धरतो — हे मला आवडलं होतं. तेही सांगायलाच हवं ना?

त्यांनी लिहिलं होतं, मला इंजिनिअर का व्हायचंय. कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत क्रेनच्या हुकातून साखळी सुटली आणि सोबतचा माणूस लोखंडाखाली गेला. तो हूक कसा बनवला तर साखळी सुटणार नाही, ते यांच्या डोक्यात होतं. पण इंजिनिअर झाल्याशिवाय कोण ऐकणार? दोन पानं. चुकांनी भरलेली. 'मेला' या अर्थाच्या died शब्दाचं स्पेलिंग dyed असं चुकलं होतं की त्याचा अर्थ 'रंगवला' असा होत होता. माझा साथी रंगवला गेला.

मी ते घरी वाचलं. मला गलबलून आलं — हो, आलं होतं. आणि तरीही दुसऱ्या दिवशी, सर यायच्या आधी, मी ती वही वर्गात मोठ्यानं वाचली, तो शब्द तर फळ्यावर लिहून दाखवला. का? चार पोरं हसतील म्हणून. ती हसलीच. ज्यांना तो शब्द कळला नाही, त्यांना मी हिंदीतून समजावून सांगितला.

देवाजीभाऊ उशिरा आले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आपका साथी किस रंग का हुआ?"

तास संपेपर्यंत ते मान खाली घालून बसले. मग बाहेर मला म्हणाले, "वही तर तुह्याजवळ होती ना?"

"माझ्या बॅगेतून कुणीतरी काढली," मी म्हणालो.

"असं होय," ते म्हणाले. "मंग तुहा काय दोष?"

ते परत आले नाहीत. परीक्षेलाही बसले नाहीत, हे पुढे त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. भिलाईजवळच चरोद्याला त्यांची खोली होती, ती मला माहीत होती. मी गेलो नाही. एकदाही नाही.

मी त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवू लागलो. एक दिवस देवाजीभाऊ मुलीला घेऊन आले, प्रवेशासाठी. केस पिकलेले. फिटरच होते अजून.

"बेटा, पाया पड," ते तिला म्हणाले. "यायनं मले लय जीव लावून शिकवलं. मीच हिंमत हारलो."

ती वाकली. आम्ही तिघंच होतो खोलीत, घाई कसलीच नव्हती. मी म्हणालो, "हो, मेहनती होते तुझे बाबा."

वर्गात वही वाचली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. हे म्हणालो तेव्हा अडतीस वर्षांचा.